नंदाच्या नावाचा डबा

१४ एप्रिल १९६३, उमरगा

लेकरांच्या पिठाच्या कामासाठी स्वतःच्या हातानं केलेलं, नोंद राहावी म्हणून लिहितो.

भाजणीचा ढोल. काळा पत्रा. तेलाच्या पिंपाचा पत्रा आयता मिळत होता, घेतला नाही. कितीही घासा, तेलाचा वास जात नाही, आणि हे लेकरांच्या तोंडी जायचं आहे. कण्याला ट्रकचं जुनं बेरिंग, रॉकेलमध्ये धुऊन, वंगण न घालता. ढोल एका बोटानं फिरतो, आवाज नाही.

जातं. दगड नळदुर्गकडचा, छिन्नीनं टाकी मीच लावली. पाथरवटाला हात लावू दिला नाही.

चाळण्या, पितळी जाळीच्या. एक भरड, एक बारीक.

डबे. सांध्याला कथलाचा डाख बाहेरून, आतून एक थेंब नाही. झाकण असं बसतं की उघडताना फट् आवाज येतो.

टेबल, नंदासाठी, खाली कप्पे, वजनाच्या काट्याला वेगळा कप्पा.

पाटी. सागवानी फळी, पिवळ्यावर तांबडी अक्षरं, पट्टीनं आखून: महानंदा बालआहार, उमरगा.

शिक्षण उर्दू चौथी. उस्ताद कुणी नाही. खोलून बघितलं, परत जोडलं, तसा शिकलो.

नंदा म्हणजे आमची धाकटी. हैद्राबादला कॉलेजात आहे, गृहविज्ञान, त्यात आहारशास्त्र. शेवटचं वर्ष, परीक्षा चालू. बाजारात लोक विचारतात, "मिस्त्री, पोरगी इतकी वर्षं हैद्राबादला ठिवून भाकरी थापायलाच शिकिवली व्हय?" पाटी अजून गोणपाटात गुंडाळून ठेवली आहे. ती आली की लावीन. मग बघा म्हणावं.

या पिठाची कृती तिचीच. दिवाळीत आली होती तेव्हा सांगितली: ज्वारी दोन वाटे, डाळं एक, शेंगदाणे एक, भाजून दळायचं, गुळात दाट शिजवून दूध सुटलेल्या लेकरांना द्यायचं. तिनं सहज सांगितलं. मी कामाला लागलो. तिची परीक्षा संपायच्या आत तिचा कारखाना उभा पाहिजे. तिला काही कळवलेलं नाही.


१९ एप्रिल

नवा घाणा भाजला. रंग बदामी, सगळीकडं सारखा. थोरली लेक रत्ना माहेरी आहे, पोटुशी, सातवा महिना. तिची सुमी दीड वर्षाची झाली, अजून पाय टाकत नाही. दंड काडीसारखे, पोट तेवढं पुढं. संक्रांतीपासून तिच्यासाठी घरात एक डबा वेगळा दिलेला आहे. सौ.ला बजावून सांगितलं, हा सुमीचा. तरी फरक दिसत नाही. माझ्या पिठात काही कमी पडतं का? चाळणी परत तपासली.

गल्लीत जिथं लहान लेकरं आहेत त्या घरीही डबे दिले आहेत, फुकट, नमुना म्हणून. बाबूमियाँ ड्रायव्हरच्या नातीसाठीही दिला. तो आज सडकेवर भेटला, ट्रक थांबवून ओरडला, "मिस्त्री, क्या चीज बनाए तुम! लाजवाब!" चार माणसं वळून बघत होती.

सौ. हल्ली सकाळी एक खीर देते. दाट, वेलदोडा घातलेली. ती खाऊन दुपारपर्यंत घण हलका वाटतो. गव्हाची असावी. विचारलं नाही. पुरुषानं चुलीपाशी चौकशी करू नये, असं आमचे वडील सांगायचे.


२६ एप्रिल

नंदा आली. यष्टी तासभर उशिरा.

हातपाय धुतल्याबरोबर तिला मागच्या पडवीत नेलं. पाटी आधीच लावून ठेवली होती. ढोल फिरवून बघितला. "अप्पा, बेरिंग काय सुरेख बसवलंय." मग पाटीकडं बघत उभी राहिली.

"हे कुणी रंगवलं?"

"मी."

"माझं नाव आहे."

"मग कुणाचं असणार?"

तिनं टेबलाचा कप्पा ओढला, परत सारला. मी समजलो, आनंदानं बोलता येत नाही.

संध्याकाळी तिनं सुमीला मांडीवर घेतलं. पायाच्या नळीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खड्डा पडला. राहिला. कणकेत बोट दाबावं तसा. मी डोळ्यांनी बघितलं. दीड वर्षाच्या लेकराच्या पायात.

"हे काय?"

"सूज आहे, अप्पा. अंगात कस नाही म्हणून पाणी धरतं."

पण पाय तर बरे दिसतात, भरल्यासारखे, असं रत्ना परवाच म्हणत होती. आम्ही सगळे खूश झालो होतो.


२७ एप्रिल

आज जे ऐकलं ते लिहायला हात धजत नाही.

नंदा कारखाना चालवणार नाही. तिनं अर्ज केला आहे, ब्लॉकच्या, म्हणजे सरकारी विकास गटाच्या नोकरीसाठी. गावोगावी फिरायचं, बायकांना लेकरांचं खाणं शिकवायचं. मुक्काम माकणी. माकणीला खोली घेऊन राहायचं. एकटीनं. मुलाखत १० मेला उस्मानाबादला.

म्हणालो, माकणीत आपलं कोण आहे? म्हणाली, "आपल्या सुमीसारख्या सुम्या असतील की. घरोघर."

म्हणालो, हे सगळं मी कुणासाठी केलं?

"मला विचारलं होतं का, अप्पा?"

माझ्याशी असं कुणी बोलत नाही. निजामाच्या अंमलदारानंही असं विचारलेलं नाही. शिवाय ती ओरडून बोलली नाही. हळू बोलली, ते जास्त लागलं.

तेवढ्यात सौ.नं विचारलं, तिकडं कॉलेजात काय काय करायला शिकवलं. नंदानं यादी सांगितली, त्यात अंडं आलं. आमच्या घरात, गळ्यात लिंग असलेल्या माणसांच्या घरात, अंड्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही.

"नुसतं केलंस का खाल्लंस?" सौ.

"दुसऱ्याला खायला सांगायचं तर चव बघावी लागते, अव्वा."

सौ.च्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मग विचारते काय, "कसं लागतं गं?" रत्ना पदरात तोंड घालून हसायला लागली. मी उठून बाहेर आलो. घरातल्या बायकांचं काय चाललं आहे ते मला समजेना.


३० एप्रिल

माझ्या पिठाची तपासणी झाली. करणारी माझीच मुलगी. बोटात घेऊन बघितलं, वास घेतला, जिभेवर ठेवलं, पाण्यात कालवलं, शिजवलं. मी समोर उभा, शाळेतल्या पोरासारखा.

निकाल: भाजणी किंचित गडद, आच थोडी कमी चालेल. बाकी बरोबर. चांगलं आहे.

"नुसतं चांगलं?"

"फार चांगलं, अप्पा. आमच्या कॉलेजात एवढं बारीक निघत नाही."

मग सुमी का सुधारत नाही, हा प्रश्न मीच विचारला. ती म्हणाली, "तिच्या पोटात जातंय का ते बघते."

म्हणजे काय? माझ्या घरात लेकराचं खाणं लेकराला मिळत नाही? रागानं तिथून निघालो. दिवसभर हातोडा चालवला, एक काम धड झालं नाही. एक झाकण दोनदा कापलं, दोन्ही वेळेला लहान.


२ मे

नंदा सकाळपासून चुलीपाशी बसून होती. काही बोलत नव्हती, मदतही करत नव्हती, नुसती बघत होती. सौ. वैतागली. "कोतवालावानी काय बसलीस? उठ, पाणी आण."

मी न्याहारी करून कामावर निघालो तर नंदानं आत बोलावलं. चुलीपाशी. मी उंबऱ्यावर थांबलो.

"अप्पा, खीर संपवली?"

"हो."

"कशी होती?"

"रोजच्यासारखी. चांगली."

"ती सुमीच्या डब्यातली आहे."

समजलं नाही आधी. मग समजलं.

रोज. संक्रांतीपासून रोज. मी भाजलेलं, मी दळलेलं, मी चाळलेलं, दूध, गूळ, वेलदोडा घालून, मलाच. हाताच्या स्पर्शानं वंगणाची जात सांगणारा माणूस मी. जिभेला कळलं नाही.

आणि सुमीला? खीर काढून घेतली की पातेल्यात जे चिकटून राहतं त्यात पाणी घालून हलवायचं. ते धुवण वाटीत. त्यात भाकरीचा तुकडा. लेकरू गोड लागतं म्हणून चाटून खातं. सौ.च्या हिशोबानं सुमीनं खीर खाल्ली.

सौ.ला विचारलं. मोठ्यानं विचारलं, हे लिहिलं पाहिजे. ती गडबडली नाही. उलट तिलाच आश्चर्य वाटलं.

"दिवसभर घण मारणाऱ्या माणसाला आधी नको? लेकरू केवढं, त्याचं पोट केवढं. तुमच्या हातचं एवढं गुणाचं झालंय, ते तुमाला न्हाय द्यायचं तर कुणाला?"

रत्ना भिंतीकडं बघत होती. लेक तिची, पण माहेरात कोण बोलणार. ती म्हणाली, "आमच्या सासरी बी असंच करतेत, अप्पा. दूध असू द्या, तूप असू द्या. बाप्यांचं आधी."

नंदानं सौ.ला विचारलं, "आणि अव्वा, तू काय खाल्लंस सकाळपासून?"

सौ. उठून चुलीतलं लाकूड मागं ओढायला लागली.

मी कामावर गेलो नाही. पडवीत ढोलाजवळ बसून राहिलो. पोटात ती खीर होती.


३ मे

सकाळी खीर आली. परत पाठवली. सौ. दिवसभर जेवली नाही. मी रागावलोय असं तिला वाटतं. तिला काय सांगू. एवढंच म्हणालो, "सुमीचं सुमीला." ती म्हणाली, "मग तुमी काय खानार?" भाकरी, म्हणालो. "भाकरीनं हुतंय व्हय घणाचं काम?" आणि डोळ्याला पदर.

वाटी घेऊन मीच बसलो सुमीसमोर. चुलीपाशी बसायची आयुष्यातली पहिली वेळ. ती माझ्या मिशांना भ्याली. चमचा तोंडाजवळ नेला तर मान फिरवली, सौ.कडं बघितलं. तिला दाट खीर ओळखू येईना. पाणीच पाहिजे होतं. धुवणाचं पाणी. त्याची सवय.

नंदा म्हणाली, हळूहळू. थोडं थोडं. एकदम नको, पोटाला झेपणार नाही.


५ मे

ज्या ज्या घरी डबे दिले त्या सगळ्या घरी नंदा जाऊन आली. दुपारी परतली ती पडवीत पाय पसरून बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की मला भीती वाटली. मग कळलं, हसत नाही.

शेजारच्या मास्तरांच्या घरी डबा पाहुण्यांसाठी राखून ठेवलाय. पाहुणा आला की शिरा करतात. कोपऱ्यावरच्या घरी सासरे खातात, त्यांना खोकला आहे. वरच्या गल्लीत डबा देवापुढं आहे, हळदकुंकू वाहिलेला, झाकण उघडलेलंसुद्धा नाही. त्या बाईनं नंदाला सांगितलं, "मिस्त्रींनी किती नामी डबा केलाय, उघडू वाटंना." बाबूमियाँ स्वतः चहात टाकून पितो. त्याच्या बायकोनं कौतुकानं सांगितलं की लांबच्या फेरीला जाताना पुडी बांधून देते.

एकाही लेकराच्या पोटात गेलेलं नाही. एकाही.

मी विचारलं, कॉलेजात हे शिकवलं नव्हतं का?

"न्हाय. किती द्यायचं ते शिकवलं. कोण खाऊन टाकतंय ते न्हाय शिकवलं."

ती घरी आल्यापासून पहिल्यांदा अशी आपल्या बोलीत बोलली.

मग म्हणाली, "अप्पा, पीठ तुम्ही केलं. त्याच्याहून चांगलं कुणी करणार नाही. पण मी पडवीत बसून डबे भरत राहिले तर ते देवापुढं जाणार आणि चहात जाणार. कुणीतरी त्यांच्या घरात जाऊन बसायला नको का? ती नोकरी तेवढीच आहे."

"मग बस की जाऊन. उमरग्यात घरं नाहीत का? माकणी कशाला?"

"उमरग्यात मी मिस्त्रींची पोरगी आहे. आज सगळ्यांनी मला चहा पाजला, कौतुक केलं आणि मी काय सांगते ते एकानंही ऐकलं नाही."

तरी म्हणालो, जायचं नाही. ती आत गेली. पाटी समोर होती. अक्षरं एकदम चांगली आली आहेत, हे परत वाटलं. त्याचीही चीड आली.


१० मे

उस्मानाबाद. मुलाखत. नको नको म्हणत मीच बरोबर गेलो. एकटी पाठवण्यापेक्षा बरं.

कचेरीच्या बाहेर कडुनिंबाखाली बसलो. खिडकी उघडी, आतलं ऐकू येत होतं. साहेबांनी विचारलं, तूरडाळीत काय असतं, लेकराचं दूध कधी सोडवायचं, सायकल येते का. सगळ्याची उत्तरं बरोबर. मग विचारलं, "लग्न झाल्यावर नोकरी सोडणार ना?"

नंदा: "तुमचं झालंय का हो, साहेब?"

"म्हणजे? झालंय."

"मग तुम्ही सोडली का?"

मी डोक्याला हात लावला. आत कुणीतरी मोठ्यानं हसलं. साहेब हसले की दुसरं कुणी, ते दिसलं नाही. त्यावर सगळं अवलंबून आहे आणि ते मला दिसलं नाही.

बाहेर आल्यावर म्हणाली, जूनमध्ये कळवतील. येताना यष्टीत बसलो. नळदुर्ग गेल्यावर मीच विचारलं, सायकल कधी शिकलीस? हैद्राबादला. पडलीस का? खूप वेळा. मला माहीत नव्हतं.


१८ मे

सकाळी उठल्यावर पहिलं काम, सुमीच्या नळीवर अंगठा. आज खड्डा पडला, पण लगेच भरून आला. दोनदा करून बघितलं. ती पाय झाडून रागावली. चांगली जोरात लाथ बसली. सौ.ला हाक मारून दाखवलं. तिनंही दाबून बघितलं. सुमीच्या पायावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला काय ठावं. तुमाला द्यावं असं वाटलं."

मी म्हणालो, मला कळतं. हे आधी म्हणायला पाहिजे होतं.

आता सुमीची वाटी आधी वाढली जाते, माझं ताट नंतर. सौ.चा हात अजून अडखळतो. दोन्हींच्या मध्ये थांबते, एकदा माझ्याकडं बघते.


२४ मे

आजचा दिवस! सोलापूरचे धनराजशेठ घरी आले. भुसार मालाचे मोठे व्यापारी, बाबूमियाँ त्यांचा माल वाहतो. त्यानंच पुडी दाखवली म्हणे. पडवीत आले, कोट काढला, ढोलाची मूठ स्वतः फिरवली. जात्याखाली हात घालून पीठ बघितलं. मला म्हणाले, "मिस्त्री, तुमी इंजिनेर हाव. कागुद नसंल, पर इंजिनेर." डब्याचं झाकण उघडलं, फट् आवाज झाला, परत लावलं, परत उघडलं. लहान मुलासारखे.

त्यांना यंत्र पाहिजे, कृती पाहिजे. असली आणखी यंत्रं मी सोलापुरात उभी करून द्यायची. आणि डब्यावर नंदाचं नाव, पुढं पदवी, शेजारी गुटगुटीत बाळाचं चित्र. नंदा मॅनेजर. सोलापुरात राहायची सोय त्यांच्याच वाड्यात, घरच्या बायकांत.

आकडा सांगितला. मी परत विचारला. तोच सांगितला.

आठवड्यानं उत्तर घ्यायला येतील. सगळं एका झटक्यात सुटतं. नंदा माकणीत एकटी नाही. पाटी फुकट जात नाही. बाजारात बोलणाऱ्यांची तोंडं बंद. आणि एवढा मोठा माणूस मला इंजिनेर म्हणाला.


२५ मे

नंदाला सांगितलं. ओरडेल, चिडेल, असं धरून चाललो होतो. तिनं शांतपणे ऐकलं. एकच विचारलं, "शेंगदाणे किती घालणार, विचारलं का?"

नव्हतं विचारलं.

मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर मी सोलापूरला जाईन, अप्पा. ब्लॉकला नाही म्हणून कळवीन. तुम्ही इतकं केलंय. पण तुम्ही म्हणाल तरच. मी स्वतःहून म्हणणार नाही."

यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं. आता सगळं माझ्यावर. माकणीचं अजून काही नाही. ते नाही म्हणाले आणि मी शेठनाही नाही म्हटलं, तर ही पोरगी काय करणार? पदवी घेऊन या पडवीत बसणार? बाजारातले लोक म्हणतात तशी भाकरी थापणार?

सौ.ला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा अशा बाबतीत विचारलं असेल. ती म्हणाली, "शेठ शेंगदानं किती घालनार ते इचारा की आधी." दोघींचं एकच.


३१ मे

शेठ आले. सौ.नं चहा केला. मी विचारलं, प्रमाण हेच ठेवणार ना? दोन वाटे ज्वारी, एक डाळं, एक शेंगदाणा.

हसले. "मिस्त्री, शेंगदान्याचा भाव ठाऊक हाय का? नावाला घालू. ज्वारी, साखर आन् वास. वास चांगला पायजे."

मी म्हणालो, मग लेकरांच्या अंगाला काय लागणार?

तेव्हा ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहितो. बशीतला चहा फुंकत बोलले, आपुलकीनं, मला धंदा समजावून सांगतात तसे:

"लेकरं कशाला खात्यात हो? डबा लेकराच्या नावानं घरात जातो. बाई नवऱ्याला घालती, सासऱ्याला घालती. बाबूमियाँ बघा की, चहात घालतो. तुमी बी खाल्लाच असंल! म्हनून तर खप हाय. लेकरानं खायचं म्हटलं तर एक डबा महिनाभर पुरंल. बाप्या खातो तवा आठवड्यात संपतो. बाळाचं चितार बाहीर, गिऱ्हाईक आत."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. जे कळल्यावर मी दिवसभर ढोलापाशी सुन्न बसून होतो, ते या माणसाला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि त्यावर त्यानं दुकान मांडलं होतं. त्यांचा स्वर वाईट नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की मला ऐकून आनंद होईल.

आतून सुमीचा आवाज येत होता, वाटी आपटत होती. नंदा तिला भरवत होती. नंदानं हे सगळं ऐकलं का, माहीत नाही. बाहेर आली नाही.

मी म्हणालो, शेठ, जमणार नाही.

त्यांना वाटलं मी आकडा वाढवतोय. वाढवला. मी परत तेच म्हणालो. मग कोट घातला आणि म्हणाले, "मिस्त्री, इचार करा. पोरीला घरी बसिवनार का?"

गेले. बशी तशीच, अर्धा चहा.

माकणीचं काही आलेलं नाही. आलं तर जा म्हणेन का, तेही अजून तोंडातून निघालेलं नाही. नंदानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण काय नाकारलं ते कुठंतरी नीट लिहिलेलं असावं, म्हणून लिहितो.

सोलापूरच्या धनराजशेठची बोली: हे यंत्र, नंदाची कृती, डब्यावर तिचं नाव आणि पदवी, तीन वर्षांचा करार, आणखी यंत्रं मी सोलापुरात बांधून द्यायची. पहिला आकडा रुपये सहा हजार. कोट घालायच्या आधीचा शेवटचा आकडा रुपये साडेसात हजार, रोख. मी नाही म्हणालो.